लघवी लाल होईल, घाबरू नका

चूक माझी होती. ती मी फोनवर केली, औषधांच्या स्टोअरच्या दारात उभ्या उभ्या, आणि करताना ती मला चूक वाटलीसुद्धा नाही.

आत सलाइनचा माल उतरत होता. खोकी कुठे लावायची यावरून दोघांचा वाद चालला होता आणि मी तो सोडवत होतो. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"हॅलो सर, मी कारभारी. वैजापूरकडचा."

"बोला कारभारी."

"सर, लघवी लाल व्हायलीय."

"मी सांगितलं होतं ना, गोळ्यांनी लाल होते. घाबरायचं नाही."

"व्हय, सांगितलं व्हतं. पर मधी पिवळी झाली व्हती सर. आता परत लाल."

"पाणी भरपूर प्या. दिवसभर उन्हात असता तुम्ही."

"तपासणीची तारीख बी हुकली. मेंढरं लांब व्हती. उद्या येऊ का?"

"उगाच धावपळ करू नका. सोमवारी या."

"बरं सर. मंग काळजी नाय ना?"

"नाही."

मी फोन खिशात टाकला आणि खोकी खिडकीपासून लांब लावायला सांगितली.

मी फार्मासिस्ट आहे, पण मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहणारा नव्हे. शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून काम करतो. हे पद लोकांना कळत नाही. पुंडलिकनगरमधले माझे शेजारी अजूनही विचारतात, "खरात, तुमच्या मेडिकलमध्ये खोकल्याचं चांगलं काय आहे?" काम सांगायचं तर असं: हृदयाचा डॉक्टर एक औषध लिहितो, छातीचा दुसरं, गुडघ्याचा तिसरं. ती सगळी एकाच पोटात जातात. तिथे त्यांचं आपसात काय होतं हे बघायला कोणीतरी लागतं. आमच्या हॉस्पिटलमध्ये तो माणूस मी.

सोमवारी आमच्याकडे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची ओपीडी असते. हृदयात धातूची झडप बसवलेले पेशंट येतात. धातूवर रक्ताची गुठळी धरू शकते आणि झडप अडकू शकते. ते होऊ नये म्हणून वॉर्फरिन नावाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ती कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट अरुंद आहे. आपण त्या वाटेवर आहोत का, हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीने कळतं. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. कारभारींचा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा होता. आकडा जितका वर, तितकं रक्त पातळ. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं कळेल.

कारभारी शिंगाडे हे वैजापूर तालुक्यातले धनगर. मेंढ्या आणि थोडी जमीन. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. ती आमच्याकडेच बदलली. शांत खोलीत त्यांच्याजवळ बसलं की झडपेची टिकटिक ऐकू येते. त्यांच्या पत्नी मथुराबाई म्हणायच्या, "आमच्या घरात घड्याळ नाय. हेच हायेत." त्यांच्या नावावरूनही ओपीडीत हसणं व्हायचं. सिस्टरनी दारातून "कारभारी कोण आहेत?" म्हणून पुकारा केला की बाकावरची एखादी बाई म्हणायची, "माझे घरी बसलेत, बोलवू का?"

त्यांच्या मानेत गाठ आली आणि ती टीबीची निघाली. गावाजवळच्या सरकारी केंद्रातून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांमध्ये रिफॅम्पिसिन नावाचं विटकरी रंगाचं औषध असतं. त्याने लघवी केशरी-लाल होते. घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्यालाही रंग येतो. तो औषधाचा रंग असतो, रक्ताचा नव्हे. आधी सांगितलं नाही तर पेशंट घाबरतो आणि गोळ्याच सोडतो. म्हणून आमचं सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: लघवी लाल होईल, घाबरू नका. नोकरीत मी ते इतक्या वेळा म्हटलंय की म्हणताना दुसरा विचारही करू शकतो.

कारभारींनाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलं सर. मेंढरू लाल मुतलं तर आमी त्याच दिशी डॉक्टर धरून आनतो."

"तुम्हाला आणायची गरज नाही," मी म्हणालो. दोघंही हसलो.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच आठवड्यांत त्यांचा आयएनआर खाली आला. दोनच्या खाली, मग दीडच्याही खाली. म्हणजे रक्त घट्ट व्हायला लागलं. आमचे कार्डिऑलॉजीचे प्रमुख डॉ. रत्नपारखी तापट नाहीत, पण झडप वाया जायची वेळ आली की त्यांचा आवाज चढतो.

"गोळ्या खाता का शेळ्यांना घालता?"

"शेळ्या नायत सर, मेंढ्या हायेत," कारभारी म्हणाले. "आन् त्यांना बी नाय घातल्या. रोज खातो."

"मग आकडा खोटं बोलतोय का?"

मथुराबाई पुढे झाल्या. "मी सोता हातावर ठिवते सर. गिळल्याबिगर उठू देत नाय."

मी मध्ये पडलो. म्हणालो, "सर, ते खरं बोलतायत. रिफॅम्पिसिन चालू आहे त्यांना."

आता हे जरा समजावून सांगतो. आपल्या लिव्हरमध्ये एन्झाइम असतात, शाळेच्या पुस्तकात ज्यांना विकरे म्हणतात ती. काम झालेलं औषध मोडून बाहेर घालवणं हे त्यातल्या काहींचं काम. काही औषधांची खोड अशी की ती लिव्हरला जास्त एन्झाइम बनवायला लावतात. रिफॅम्पिसिन त्यांतलं सगळ्यात जोरकस. फिट्सची काही जुनी औषधंही हेच करतात. वाढलेले एन्झाइम आपलं-परकं बघत नाहीत. समोर येईल ते औषध मोडतात. वॉर्फरिन, संततिनियमनाच्या गोळ्या, मधुमेहाची काही औषधं. पेशंट गोळी वेळेवर खातो, पण तिचं काम होण्याआधीच ती संपलेली असते. डॉक्टरला वाटतं, हा खातच नाही.

कारभारींना हे सांगायचं तर एन्झाइम हा शब्द उपयोगाचा नव्हता. मला त्यांच्या तालुक्याचं मार्केट यार्ड आठवलं.

"कांद्याच्या सीझनला यार्डात हमाल वाढतात ना?"

"लई."

"हमाल वाढले की गाडी लवकर खाली होते. टीबीच्या गोळीनं तुमच्या लिव्हरमध्ये हमाल वाढवलेत. हृदयाची गोळी आली रे आली की ते तिला उचलून बाहेर टाकतात. म्हणून आता माल जास्त पाठवायचा."

"म्हंजे गोळी वाढवायची."

"बरोबर."

कारभारींनी मथुराबाईंकडे पाहिलं. "घ्या. हमालांची चैन अन् आपल्या पोटावर वझं."

डोस वाढवला. पुन्हा तपासलं, पुन्हा वाढवला. दुपटीच्याही पुढे गेल्यावर आकडा जागेवर आला. डॉ. रत्नपारखी मला म्हणाले, "खरात, चांगलं पकडलंत." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं. पुढे शिकाऊ डॉक्टरांसमोर मी याच केसवर बोललो. कारभारींचं नाव न घेता हमालांचं उदाहरण दिलं. पोरं हसली. शेवटी त्यांना बजावलं की टीबीची गोळी बंद झाल्यावर सगळं उलटं होतं.

ते उलटं असं. टीबीची गोळी थांबली की लिव्हर जादा हमाल ठेवत नाही. पण ते एका दिवसात जात नाहीत, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी होतात. आणि वाढवलेला माल मात्र तसाच येत राहतो. आता तो उचलायला माणसं नसतात. वॉर्फरिन अंगात साठत जातं, रक्त पातळ होत जातं. म्हणून टीबीचा कोर्स संपला की दर आठवड्याला आयएनआर बघत गोळी खाली आणायची असते.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मीच ते शिकवलं होतं.

कारभारींना मात्र मी फक्त हमाल येण्याचं सांगितलं होतं, जाण्याचं सांगितलं नव्हतं. सहा महिने लांब होते. आधीच त्यांच्या डोक्यावर दोन रोगांची औषधं होती, त्यात आणखी कशाला, तेव्हाचं तेव्हा सांगू, असं मी ठरवलं. कोर्स संपायचा महिना मला ठाऊक होता. सरकारी केंद्राने आपलं काम चोख केलं, गाठ गेली, गोळ्या बंद केल्या. कारभारींची लघवी पिवळी झाली. हृदयाची गोळी ते आम्ही वाढवून दिली होती तेवढीच रोज घेत राहिले. मथुराबाई हातावर ठेवत राहिल्या. एखादा बेफिकीर पेशंट असता, चार दिवस गोळी विसरला असता, तर त्याच्यावर ही वेळ आली नसती.

फोन आला तो गुरुवार होता. शनिवारी दुपारी कॅज्युअल्टीतून निरोप आला.

मी गेलो तेव्हा मथुराबाई तिथल्या डॉक्टरला समजावत होत्या. "आवो, ते गोळ्यांनी हुतं. आमच्या सरांनी सांगितलंय. मी त्यासाठी नाय आनलं. लघवीच बंद झालीय, पोट फुगलंय, म्हनून आनलं." मला बघितल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. "हे बघा, आले सर. सांगा तुमी यांला."

नळी घातलेली होती. नळीला लावलेल्या पिशवीत लघवी नव्हती, रक्त होतं. मूत्राशयात गुठळ्या होऊन वाट बंद झाली होती. दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग होते. मेंढी उचलताना तिचं वजन जिथे पडतं तिथे.

लॅबमधून फोन आला. "सर, आयएनआरचं रीडिंगच येत नाहीये. मशीनच्या पट्टीबाहेर आहे. सँपल परत घ्यायचं का?"

"घ्या," मी म्हणालो. तेच येणार हे मला कळलं होतं. मधी पिवळी झाली व्हती. दोन दिवस उशिरा ते वाक्य माझ्या कानात शिरलं.

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो. एरवी रक्त इतकं पातळ झालं तर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन भरपूर देऊन ते घट्ट करता येतं. धातूची झडप असली की तसं मोकळ्या हाताने देता येत नाही. रक्त एकदम घट्ट केलं तर झडपेवर गुठळी धरायची. पातळ ठेवलं तर ते वाहत राहणार, आणि आज मूत्राशयात वाहतंय ते उद्या मेंदूत वाहू शकतं. डॉ. रत्नपारखी थोडं औषध द्यायचे, थांबायचे, तपासायचे, पुन्हा थोडं द्यायचे. रक्त गोठवणारे घटक असलेला प्लाझ्मा पिशव्यांनी चढवला. नळीतून मूत्राशय धूत राहिले. कारभारी मला एकदा म्हणाले, "सर, आता घाबरू का?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. मी म्हणालो, "आम्ही आहोत ना." उत्तर टाळायचं हे आमचं दुसरं ठरलेलं वाक्य.

ते वाचले. आकडा जागेवर आला, वॉर्फरिन पुन्हा कमी डोसवर सुरू झालं.

असं काही घडलं की आमच्याकडे एक मीटिंग होते. कुठे काय चुकलं ते बघायचं, कोणाला फाशी द्यायची नाही, असा तिचा नियम. डॉ. रत्नपारखींनी केस मांडली. "रिफॅम्पिसिन बंद झालं. पेशंट आयएनआरच्या तारखेला आला नाही. लघवी लाल होत असूनही घरी बसला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरात, तुम्ही त्याला तारीख दिली होती ना?"

"दिली होती, सर."

वाक्य खरं होतं. तारीख मी दिलीच होती. त्यामागचं सगळं मी गिळलं: फोन आला होता, तो उद्याच येतो म्हणत होता, मीच सोमवार सांगितला, लाल लघवी ऐकून मीच त्याला घरी बसवला. सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस गोळ्या खात नाही असं सगळे म्हणत होते, तेव्हा मी एकटा त्याच्या बाजूने बोललो होतो. या वेळी सगळ्यांच्या बाजूने बसलो. चहा आला. मीटिंग संपली.

डिस्चार्जच्या दिवशी राउंडला डॉ. रत्नपारखी कारभारींना म्हणाले, "गोळी उलटली होती तुमच्यावर. थोडक्यात वाचलात. आता तारखा चुकवायच्या नाहीत." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. कारभारी माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी सिस्टरच्या हातातला चार्ट मागितला.

पुढच्या सोमवारी कारभारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. फोन केला तर वाजून बंद व्हायचा. शेवटी एकदा मथुराबाईंनी उचलला.

"ते गोळी खात नाय आता," त्या म्हणाल्या.

"कुठली गोळी?"

"हृदयाची. घरी आल्यापून बंद केलीय."

"अहो, असं चालणार नाही. झडप अडकेल."

"मोठे डॉक्टर सोता म्हनले ना, गोळी उलटली म्हनून. उलटलेली गोळी मी परत हातावर कशी ठिवू? तुमीच सांगा." मग म्हणाल्या, "सर, ती टिकटिक बारीक झाल्यावानी वाटतीय. का मलाच भास हुतोय?"

झडपेवर गुठळी धरायला लागली की आवाज दबतो. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. शेजारी झोपणारीला ऐकू येतं, एवढंच.

मी फोनवरच औषधशास्त्र सांगायला लागलो. हमाल गेले, डोस साठला वगैरे. त्या ऐकून घेत होत्या, पण मला कळत होतं की त्या आता माझं ऐकत नाहीत. मी त्यांना एकदा काळजी नाही म्हणालो होतो. आता काळजी आहे म्हणत होतो. कुठल्या खरातवर विश्वास ठेवायचा? गोळी वाईट नाही हे त्यांना पटायचं असेल तर मग वाईट काय होतं तेही कोणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगू शकणारा माणूस एकच होता.

मी आधी डॉ. रत्नपारखींच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, कारभारी शिंगाडेंनी गोळी सोडलीय."

"मूर्खपणा आहे."

"माझ्यामुळे सोडलीय." मग मी तो फोन सांगितला, जसाच्या तसा, 'मधी पिवळी झाली होती' आणि 'सोमवारी या' सकट.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं."

"हो सर."

"मी त्या माणसाला तारखांवरून बोललो."

"हो सर."

"मग आता?"

"त्यांच्याकडे जातो आणि सांगतो."

"हॉस्पिटलच्या वतीने काही बोलायचं असेल तर आधी ट्रस्टींना..."

"माझ्या वतीने बोलतो, सर. मी चुकलो एवढंच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जा. लवकर जा. आणि ते छोटं आयएनआर मशीन घेऊन जा. नुसते शब्द घेऊन जाऊ नका."

ते मशीन बोटाच्या थेंबावर चालतं. मी ते बॅगेत टाकलं, दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली आणि निघालो. कारभारी घरी नव्हते. कांदा काढलेल्या एका शेतात त्यांनी मेंढ्या बसवल्या होत्या. आमच्याकडे लेंडीखतासाठी शेतकरी मेंढ्या रानात बसवून घेतात. मथुराबाई तीन दगडांवर चहा करत होत्या. कारभारी एका मेंढीला मांडीखाली दाबून तिचे वाढलेले खूर कापत होते. मला बघून उठले नाहीत.

"राम राम सर. लांब आलात."

"राम राम. बसू का?"

"रान काय माझं नाय. बसा."

मी ढेकळावर बसलो. वारा पडला की टिकटिक ऐकू येत होती. दबलेली आहे की नाही हे मला नुसत्या कानाने सांगता येईना. मथुराबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

तिथे काय बोललो ते सांगण्याआधी पुढचं सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. कारभारी आज बरे आहेत. त्या रानातच मी त्यांच्या बोटाचा थेंब घेतला. आकडा सव्वाच्याही खाली होता. त्यांना माझ्याबरोबरच शहरात आणलं. सोनोग्राफीत झडपेच्या कडेला गुठळी धरायला नुकती सुरुवात झालेली दिसली. रक्त लगेच पातळ करणारं हेपरिनचं इंजेक्शन चालू ठेवून गोळी पुन्हा जागेवर आणली. गुठळी विरघळली. आणखी थोडे दिवस गेले असते तर पुन्हा ऑपरेशन लागलं असतं, आणि तिथवर ते पोचले असते की नाही सांगता येत नाही. डॉ. रत्नपारखींनी वॉर्डात त्यांच्या कॉटजवळ उभं राहून सांगितलं की तारखेवरून बोललो ते चुकलं. मीटिंगमध्ये केस पुन्हा मांडली, ती मी मांडली. तिथे बसलेल्या एका शिकाऊ डॉक्टरने नंतर जिन्यात गाठून विचारलं, "सर, हमालांचं उदाहरण तुमचंच ना?" मी हो म्हणालो.

ओपीडीतलं आमचं वाक्य मी बदललं. आता मी सांगतो: टीबीच्या गोळ्या चालू आहेत तोवर लघवी लाल होईल, ती गोळ्यांनी. गोळ्या बंद झाल्यावर लाल झाली तर ते रक्त आहे, तेव्हा घाबरा, आणि आहात तसे या. वाक्य लांब झालंय. सिस्टर म्हणतात रांग अडते. अडू दे. आणि ज्याला जादा डोस दिलाय त्याला त्याच दिवशी सांगतो की हा डोस उसना आहे, टीबीची गोळी संपेल त्या आठवड्यात माझ्याकडे यायचं. माझ्या धंद्यातला धडा एवढाच. औषध सुरू होताना आमचं सगळ्यांचं लक्ष असतं. ते बंद होतं तेव्हाही काहीतरी सुरू होत असतं, तिकडे कोणी बघत नाही.

आता रानातलं.

मी मशीन बॅगेतून काढलंच नव्हतं. म्हणालो, "कारभारी, गोळी उलटली नव्हती."

ते खूर कापत राहिले. "मंग?"

"यार्डातले हमाल आठवतात? टीबीच्या गोळीनं वाढवलेले?"

"आठवत्यात."

"टीबीची गोळी संपल्यावर ते हळूहळू निघून गेले. पण माल आपण वाढवलेला तसाच येत राहिला. उचलायला कोणी नाही. तो साठला आणि रक्त पातळ झालं. गोळी तीच होती, चांगली होती. फक्त जास्त होती."

त्यांनी मेंढीला सोडलं. ती अंग झटकून कळपात गेली. सुरी मांडीला पुसत ते म्हणाले, "हमाल गेले म्हनता. मंग माल कमी कोन करनार व्हतं?"

मथुराबाईंनी चहाचं पातेलं खाली उतरवलं. सांगायला बरंच काही होतं. केंद्र वेगळं, हॉस्पिटल वेगळं, तारीख हुकलेली, मेंढरं लांब. वाटेत बसमध्ये मी त्यातलं काही काही मनात जुळवूनही आणलं होतं.

"मी," मी म्हणालो. "ते माझं काम होतं. तुम्ही फोन केलात, मधी पिवळी झाली होती असं स्वतः सांगितलंत, लगेच यायला तयार होतात. मी ऐकलं नाही. घाबरायची वेळ होती आणि मी घाबरू नका म्हणालो. मग सगळे तुम्हाला दोष देत होते तेव्हा गप्प बसलो. गोळीचं काही चुकलं नाही, तुमचं चुकलं नाही, मथुराबाईंचं तर नाहीच. चुकलं ते माझं. मला माफ करा."